डाळिंबाच्या बागेतली राखण

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे ज्वारी माणसाहून उंच वाढायची अशा एका गावात, पाखरं राखणारी एक मुलगी होती. तिचं नाव येसू. शेताच्या मधोमध बांबूंवर बांधलेल्या माळ्यावर ती दिवसभर उभी असायची. पाखरांचा थवा उतरला की गोफण गरगर फिरवून दगड सोडायची आणि अशी ओरडायची की पाखरंच काय, बांधावरची गुरंही दचकायची. मजुरी म्हणून सुगीत धान्य मिळायचं, जेमतेम वर्षभर पुरेल इतकं. पण येसूला ते काम मनापासून आवडायचं.

शेजारच्या शेतांतही असेच माळे होते आणि राखणदारांची एक रीत होती. दिवस मावळला की खाली उतरण्याआधी शेजारच्या माळ्याला हाळी द्यायची, "आहेस काऽऽ?" तिकडून "आहे गंऽऽ" आलं की मगच शिडीवर पाय ठेवायचा. उत्तर आलं नाही तर धावत जाऊन बघायचं. कुणाला साप चावलेला असतो, कुणी तापाने फणफणलेलं असतं. शेतात कुणाला एकटं सोडायचं नाही, एवढाच त्या हाळीचा अर्थ.

एके दिवशी डोंगरावरच्या सरदाराचा कारभारी घोड्यावरून आला आणि थेट येसूच्या काकांच्या ओसरीवर बसला. येसूचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते. काकांनीच तिला वाढवलं होतं.

"सरदारांच्या डाळिंबाच्या बागेला राखणदार हवाय," कारभारी म्हणाला. "दर महिन्याला सोन्याचं एक कडं. रेशमी कपडे, दोन्ही वेळा गोडाधोडाचं जेवण. आणि काम म्हणाल तर काहीच नाही. त्या बागेत पाखरू फिरकतसुद्धा नाही. नुसतं उभं राहायचं."

"पाखरू फिरकत नाही, तर राखणदार कशाला?" येसूने विचारलं.

कारभारी हसला. काका हसले नाहीत. "तोंड आवर. मोठी माणसं बोलताहेत."

एव्हाना गावातली सगळी मोठी माणसं ओसरीवर जमली होती. सोन्याचा वास त्यांना लांबूनच येतो.

"काका, मला भीती वाटते," येसू हळूच म्हणाली.

"भीती? शेतात सापांमध्ये राहतेस, तेव्हा नाही वाटत?"

"साप दिसतो, काका."

"माझा भिवा बघ!" काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. भिवा त्यांचा मुलगा. येसूच्या शेजारचा माळा त्याचाच होता आणि त्याच बागेत तो कधीचा राखणीला गेला होता. "गेल्यापासून एकदा तरी परत आला का? येईल कशाला! सुखात असलेला माणूस मागे वळून बघत नाही."

येसूला ते पटेना. भिवादादाने कधी एकही हाळी रिकामी जाऊ दिली नव्हती. आणि त्याने साधा निरोपसुद्धा धाडू नये?

"पण मी इथे आनंदात आहे."

"आनंद काय भाकरीवर वाढून घेणार आहेस?" एक म्हातारा म्हणाला. हा त्याचा नेहमीचाच विनोद होता, तरी सगळे खदखदून हसले. मग दुसऱ्याने त्याच्या तरुणपणी मुली कशा मुकाट्याने ऐकायच्या ते सांगितलं. तिसऱ्याने नशीब एकदाच दार वाजवतं असं बजावलं. त्यांच्यापैकी कुणालाच त्या बागेत उभं राहायचं नव्हतं, म्हणून प्रत्येकाचं मत अगदी ठाम होतं.

येसूला बागेची भीती वाटत होती. त्याहून जास्त भीती वाटत होती काकांच्या चेहऱ्याची, तो उतरेल याची. शेवटी तीच भीती जिंकली. तिने डावा हात पुढे केला. कारभाऱ्याने मनगटात कडं चढवलं. ते विहिरीच्या तळातून काढल्यासारखं गार होतं.

"हे आगाऊ," तो म्हणाला. "अट एकच. काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो येसूला बागेत घेऊन गेला. डाळिंबं पिकून उकलली होती, दाणे लाल चमकत होते, पण फळावर एक मुंगी नव्हती. पान हलत नव्हतं. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक बुजगावणं उभं होतं. अंगावर रेशीम, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत सोन्याची कडीच कडी. तोंडावरून फडकं बांधलेलं.

"पाखरं येत नाहीत, मग बुजगावणी कशाला?"

"शोभेला," कारभारी म्हणाला. त्याने एका रिकाम्या रांगेच्या टोकाशी बोट दाखवलं. "तुझी जागा ती." आणि फाटक लावून निघून गेला.

येसू उभी राहिली. इतकी शांतता होती की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि तोही कुणीतरी दुसरंच घेतंय असं वाटत होतं. ऊन चढलं तसं तिच्या लक्षात आलं की डाव्या हाताची बोटं जाणवत नाहीत. तिने हात झटकला. कोपर वाकेना. गार कड्यामुळे असेल, असं तिने स्वतःला समजावलं. भ्यालेला माणूस स्वतःला काहीही समजावतो.

दिवस मावळला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, विचार करण्याआधीच, तिच्या तोंडून हाळी निघाली.

"आहेस काऽऽ?"

बागेत काहीच हललं नाही. मग शेजारच्या रांगेतून, कडबा सळसळावा तसा, एक आवाज आला.

"आहे... गं..."

येसूच्या अंगावर सरसरून काटा आला. पळावंसं वाटत होतं, पण ओळखीच्या आवाजाकडे पाठ फिरवायची तिला सवय नव्हती. ती बुजगावण्याजवळ गेली. तोंडावरचं फडकं ओढलं.

कातडी वाळून पिवळी पडली होती. केसांत पेंढा होता. पण डोळे जिवंत होते.

"भिवादादा!"

"हातातलं काढ," तो म्हणाला. ओठ नीट हलत नव्हते. "आधी ते काढ, येसू."

तिने त्याचीच कडी ओढायला सुरुवात केली. ती मांसात रुतून बसली होती.

"माझं राहू दे. तुझं अजून सैल आहे."

"मी काकांना जाऊन सांगते. ते येतील."

भिवाचे डोळे ओले झाले. "किती कडी झाली ते विचारतील," तो म्हणाला.

येसूने दात-ओठ खाऊन कडं ओढलं. मनगट सोलून निघालं तेव्हा ते सुटलं. तिने ते फेकलं, फाटकावर चढली आणि पलीकडे उडी मारून धावत सुटली. मागे बाग बोलायला लागली होती. तिच्या त्या एका हाळीला रांगेरांगेतून उत्तर येत होतं, एकामागून एक. "आहे गं... आहे गं... आहे गं..." गाव दिसेपर्यंत ते तिच्या कानांत होतं.

काकांनी दार उघडलं आणि आधी तिच्या हाताकडे पाहिलं.

"कडं कुठाय?"

येसूने सगळं सांगितलं. मोठी माणसं पुन्हा जमली. काम टाळायला येसू गोष्टी रचते, असं सगळे म्हणाले. कुणी तिला आळशी म्हणालं, कुणी करंटी. काका एवढंच म्हणाले, "भिवा सुखात आहे." पण हे ते कुणाकडे न बघता म्हणाले.

येसू पुन्हा माळ्यावर जाऊ लागली. डावं कोपर मात्र पुरतं वाकेना.

थोड्याच दिवसांत कारभारी परत आला. या वेळी एका विणकराच्या मुलीसाठी. तेच सोनं, तीच ओसरी, तेच म्हातारे. ती मुलगी हात पुढे करणार, तेवढ्यात येसू गर्दीतून समोर आली. 

"माझ्या आधीचा राखणदार कुठे आहे?" तिने विचारलं.

"मजेत आहे," कारभारी म्हणाला.

"मग एक दिवस घरी पाठवा. जेवायला."

"राखणदाराला सुट्टी नसते."

 काका सावकाश उठले. "एक दिवस नको," ते म्हणाले. "घटकाभर तरी पाठवा. बापाला तोंड दाखवायला. तेवढंही नाही?"

कारभाऱ्याने कडं उचललं. तो घोड्यावर बसला आणि निघून गेला. विणकराच्या मुलीने हात पदराआड घेतला.

त्याच दिवशी काका लोहाराकडून छिन्नी आणि कानस घेऊन आले. "मला वाट दाखव," ते येसूला म्हणाले. वाढत्या वयाबरोबर न आलेली नरमाई त्या वेळी त्यांच्या आवाजात आली होती. येसू आधीपेक्षा जास्त घाबरली होती, कारण आता तिला तिथे काय आहे ते माहीत होतं. ती पुढे चालू लागली.

बागेतली सगळी माणसं काही परत आली नाहीत. काहींचं सोनं हाडापर्यंत पोचलं होतं. भिवा आला. तो आता जेवतो, हसतोसुद्धा. पण बस म्हटलं तरी तो बसत नाही. भिंतीशी जाऊन उभा राहतो.

तात्पर्य: नव्या जागी काय मिळेल हे विचारण्याआधी, तिथला आधीचा माणूस कुठे आहे ते विचारा. आणि जिथे याचं उत्तर मिळत नाही तिथे, घरातल्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी, हात पुढे करू नका.