परक्या हाताविना मेजवानी

“येत्या रविवारनंतर ओढ्यापलीकडचा एकही जर्मन मला या गावात दिसता कामा नये!” थॅडियस पेंब्रिजसाहेबांनी टेबलावर अशी मूठ आपटली की सुपाचं भांडं उडून त्यांच्याच मांडीवर आलं.

पेंब्रिजसाहेब म्हणजे अमेरिकेतल्या एका इंग्रज वसाहतीतले बडे जमीनदार, आणि गावचे न्यायाधीशही तेच. म्हणजे दाद मागायची झाली तरी त्यांच्याकडेच! आणि सूप पुसायला धावली ती ओटिलिया, त्यांची मोलकरीण, स्वतःच जर्मन होती. बोटीचं भाडं द्यायला पैसे नव्हते, म्हणून काही वर्षं बिनपगारी राबायचं कबूल करून ती या देशात आली होती. ओढ्यापलीकडे ओंडक्यांची घरं बांधून राहिलेल्या लोकांत तिची आई होती, भाऊ होते. थंडी तोंडावर आलेली. आता त्या सगळ्यांनी जायचं कुठे?

“मालक, त्यांनी आपलं काय बिघडवलं?” तिनं धीर करून विचारलं.

“काय बिघडवलं? आंबलेला कोबी खातात! बोलायला लागले की वाटतं, घशात काटा अडकलाय! बाजारात गेलो तर माझ्याच गावात मला कुणाचं बोलणं कळत नाही. परके कुठले! मला परक्यांचं काहीएक नको!”

“काहीएक नको?”

“काहीएक नको!”

“मग सांडलं ते बरंच झालं, मालक. सूप मीच केलं होतं!”

पेंब्रिजबाईंनी हसू लपवायला रुमाल तोंडाला लावला. साहेब मात्र लालबुंद झाले.

“फार जीभ चालते तुझी! मग ऐक. रविवारी आसपासचे मोठे लोक माझ्याकडे जेवायला येताहेत. त्यांच्यासाठी मेजवानी कर. पण समुद्रापलीकडून आलेली एकही वस्तू तिच्यात नको, आणि समुद्रापलीकडून आलेल्या एकाही हाताचा तिला स्पर्श नको. तुझाही नाही, तूही परकीच! जमलं तर तुझे लोक राहतील. नाही जमलं तर तूही त्यांच्याबरोबर चालती हो!”

ओटिलिया स्वयंपाकघरात येऊन बघते तर काय, गव्हाचं पीठ, लोणी, साखर, कोंबड्या, एक तर ते स्वतः, नाही तर त्याचं बियाणं बोटीतूनच आलेलं! आणि हात न लावता स्वयंपाक करायचा तरी कसा? तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढ्यात मागच्या दारी मका विकायला हॅना आली. हॅना त्या मुलखात गोऱ्यांच्या आधीपासून राहणाऱ्या लेनापे लोकांपैकी. तिचं खरं नाव गावात कुणाच्या जिभेला वळत नसे, म्हणून लोकांनी परस्पर तिला हॅना करून टाकलं होतं. ओटिलियानं तिला सगळी हकिगत सांगितली.

हॅना म्हणाली, “मी रांधीन. पण तुझ्या मालकाची डुकरं रोज माझं शेत तुडवतात, त्याचं काय?”

“डुकरं?” ओटिलियानं डोळे पुसले. “अगं, तीही बोटीतूनच आली!” आणि तिनं तडक जाऊन गुराख्याला बजावलं, “मालकांना परकं काहीएक नकोय. डुकरं आत कोंड!” मालकांचंच फर्मान ते! त्यानं निमूटपणे कोंडली.

रविवारी पाहुणे आले आणि दारातच थबकले. जेवणघराला कुलूप! ओटिलिया दोन्ही हात पाठीमागे बांधून अंगणात उभी.

“टेबल कुठंय?” साहेब ओरडले.

“डच सुतारानं केलंय, मालक.”

“खुर्च्या?”

“लंडनच्या.”

“निदान घरात तरी बसू दे!”

“खिडक्यांच्या काचा बोटीतून आल्यात. मेपलचं झाड तेवढं इथलं आहे. या, त्याच्याखाली बसा!”

बिचारे बडे लोक रेशमी कपडे सावरत गवतावर बसले. समोर हॅनानं झाडाच्या सालीच्या ताटांत मेजवानी मांडली. चुलीवर खरपूस भाजलेली रानटर्की, मक्याच्या गरम भाकऱ्या, घेवडा, लाल भोपळा आणि वर रानातली आंबटगोड फळं. असा घमघमाट सुटला की पाहुणे आवंढे गिळू लागले. साहेबांनी बाह्या सरसावून टर्कीच्या तंगडीकडे हात नेला.

“थांबा, मालक! हात लावू नका!”

“आता काय झालं?”

“अट आपलीच आहे. समुद्रापलीकडून आलेल्या हाताचा स्पर्श नको. आपण मूळचे कुठले?”

“मी? मी ब्रिस्टल...” साहेबांची जीभ अडखळली. हात तसाच हवेत राहिला.

ओटिलिया पाहुण्यांकडे वळली. “आणि आपण?”

“डब्लिन,” एकजण पुटपुटला.

“अॅमस्टरडॅम,” दुसऱ्यानं हात मागे घेतला.

कुणीच जेवेना! पानांवरून वाफा निघताहेत आणि सगळे नुसते बघताहेत. फक्त हॅना झाडाला टेकून मजेत भाकरी खात होती.

ओटिलिया म्हणाली, “मालक, आपण परके असाल, तर मेजवानी अटीबरहुकूम झाली. मी जिंकले, पण आपल्याला उपाशी उठावं लागेल. आणि बोटीतून येऊनही आपण इथलेच असाल, तर खुशाल जेवा. पण मग माझी माणसंही बोटीतूनच आलीत, तीही इथलीच! बोला, आपण कोण?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. टर्कीकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या पोटातून असा गडगडाट झाला की पेंब्रिजबाई रुमाल टाकून खो खो हसू लागल्या. मग पाहुणे हसले आणि शेवटी साहेबही मांडीवर थाप मारून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

“मी इथला! तुझे कोबीवालेही इथले! राहू देत त्यांना, ओढ्यापलीकडची जमीन मी त्यांच्या नावे करून देतो. आता वाढ लवकर!”

“मी वाढू? माझा हात चालेल?”

“अगं बये, तूही इथलीच! आणि आजपासून तू मोकळी, तुझा करार संपला! आता या घरात राबायचं नाही, बसायचं. ये, माझ्या शेजारी बस, आणि ती दुसरी तंगडी तू घे!”