सर्वांत मागे बसलेल्याने सांगायचं

“मग यात उणं काय राहिलं, अक्का?”

प्रभंजन सरोदे बोटांवर मोजून दाखवत होता. संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं. पाठोपाठ निम्म्याहून जास्त विधानसभांची मान्यता, तीही दहा दिवसांत. आता फक्त राष्ट्रपतींची सही. गाव, जिल्हा आणि प्रदेश यांचा कारभार देशभर नव्याने लावणारा हा घटनादुरुस्तीचा कायदा. त्याचा मसुदा सरोद्याचा. चावडीत शिरतानाच ते त्याच्या चालीत दिसलं होतं.

यमुनाक्कांनी त्याला शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. आता त्यांनी ऐंशी ओलांडली, पण निंभेरीच्या ग्रामसभेत अजून त्यांचाच शब्द चालतो.

“आमच्याकडून काय हवं तुला?”

“अभिनंदनाचा ठराव. असा ठराव करणारं देशातलं पहिलं गाव आपलं असावं.”

“सभा बसलीच आहे. वाच.”

आमच्याकडे एक रीत आहे, अक्कांनीच घातलेली. वाचून झालं की सर्वांत मागे बसलेल्याने ते आपल्या शब्दांत सांगायचं. त्यानंतरच हात वर करायचे.

त्याने वाचलं, “स्थानिक जलस्रोतांचे नियमन प्रादेशिक मंडळाकडे निहित राहील. ग्रामसभेस यथोचित अवगत करण्यात येईल.”

मी ग्रामसेवक, इतिवृत्त लिहीत होतो. ‘यथोचित’पाशी पेन थांबला. खरं सांगतो, मला चीड आली. इथली चाळीस घरं तळ्यातल्या मासळीवर जगतात.

मागे धुरपदाबाई भोई बसली होती. तळ्यात जाळं टाकण्यात तिचा जन्म गेला.

“म्हंजी तळं मंडळाचं झालं,” ती म्हणाली. “आमाला निस्ता कागूद येनार.”

सरोदे हसला. “असं कुठे लिहिलंय, मावशी?”

“खोटं बोलली का ती?” अक्कांनी विचारलं.

“...तसं खोटं नाही.”

“विधानसभेत हे असं कुणी सांगितलं?”

“तिथे ही रीत नसते, अक्का. प्रस्ताव मांडतात, होय म्हणणारे होय म्हणतात. एके ठिकाणी तर चार मिनिटांत झालं.”

हे त्याने अभिमानाने सांगितलं. चार मिनिटं!

“आणि ज्यांचं तळं, त्यांना?”

“कळवणारच आहोत ना, कायदा झाल्यावर. प्रक्रियेत तुम्हाला एक चूक सापडायची नाही.”

अक्का उठल्या. त्याच्या हातातला कागद घेतला. दंडाला धरून त्याला मागे नेलं आणि धुरपदाबाईच्याही मागे, भिंतीला टेकवून जमिनीवर बसवलं. मग पुढे येऊन तेच कलम संथपणे वाचलं.

“आता सर्वांत मागे तू. सांग.”

“गावाच्या विकासाच्या दृष्टीने...”

“विकास या कलमात कुठेय?”

धुरपदाबाई वळून त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसतीच.

“तळं...” तो म्हणाला.

बाहेर त्याच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

“अक्का, माझं संध्याकाळचं विमान आहे.”

अक्का माझ्याकडे वळल्या.

“ड्रायव्हरला सांगा, गाडी सावलीला लाव म्हणावं. साहेबांना सांगता येईपर्यंत ही सभा उठायची नाही.”