पाचव्या थांब्यावरची ओळ

एकदा एका नदीकाठच्या नगरात एक शिष्य राहत होता, आणि त्याच्या जिभेचा लौकिक त्याच्या गुरूंच्याही पुढे गेला होता. गुरू म्हणजे पन्नास वर्षे मोठमोठ्या पंगतींचा स्वयंपाक सांभाळलेले वृद्ध आचारी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर ते चुलीपासून दूर झाले आणि गावाबाहेरच्या धर्मशाळेत राहू लागले. शिष्याने त्यांच्यापाशी बारा वर्षे काढली, पण हातात झारा धरण्यापेक्षा चाखून बोलणे त्याला अधिक मानवले. तीळ किती भाजले, खोबरे जुने की नवे, हे तो एका घासात सांगे, आणि खरे सांगायचे तर बरोबर सांगे. अशा माणसाला गर्व होतो, तसा त्यालाही झाला.

त्याने एक कागद छापला. नगरात नव्याने आलेल्या माणसाने तो हातात धरावा आणि कुणालाही न विचारता, पायी फिरत, सात ठिकाणी खाऊन यावे, अशी त्याची रचना होती. सात थांबे, त्यांच्या खाणाखुणा, आणि प्रत्येक थांब्याखाली शिष्याच्या अभिप्रायाची एक ओळ. लोक त्या कागदाला 'खाऊवाट' म्हणू लागले. सुटीच्या दिवशी पेठेत माणसे मान खाली घालून तो वाचत चालत आणि एकमेकांवर आदळत. आपण किती माणसांची पावले वळवतो, हे पाहून शिष्याला सुख होई.

एके दिवशी गुरूंचा निरोप आला. "मला तुझ्या कागदावरून चालव."

शिष्य हरखला. त्याने गुरूंचा हात धरला आणि सकाळीच वाट सुरू केली. पहिल्या थांब्यावर, दगडी पुलाजवळ, कढईतून नुकती काढलेली कांदाभजी समोर आली. गुरूंनी बशी नाकापाशी नेली, खाली ठेवली, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू खा. मग पुढे चल." दुसऱ्या थांब्यावरची साबुदाण्याची खिचडी, तिसऱ्यावरचे थालीपीठ, चौथ्यावरची बासुंदी, सगळीकडे तेच. एक घास नाही, चवीबद्दल एक शब्द नाही. दुकानदार शिष्याला ओळखत होते, त्यामुळे त्याला ओशाळल्यासारखे झाले. गुरूंना आता चव कळेनाशी झाली असावी, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

पाचव्या थांब्याशी मात्र गुरू स्वतःहून थांबले. समोर कोंडाजींचे मासवडीचे जुने दुकान होते. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर पातळ थापायचे, त्यात तीळ-खोबऱ्याचे सारण भरायचे, गरम असतानाच फडक्यासकट वळायचे आणि माशासारखा आकार देऊन काप पाडायचे, असा तो पदार्थ. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. हात जरा चुकला की वडी फुटते.

"गुरुजी, इथं थांबायचं नाही," शिष्य घाईने म्हणाला. "कागदावर तसं लिहिलंय."

"वाच."

शिष्याने वाचले. "कोंडाजी गेले, आणि चव त्यांच्याबरोबर गेली. न थांबता सहाव्याकडे वळा."

"आणि आधी काय लिहिलं होतंस?"

"आधीच्या छपाईत? 'कोंडाजींची मासवडी. या हाताला जोड नाही.' ते दोन वर्षांपूर्वी वारले, मग ओळ बदलली."

दुकानासमोरच्या ओट्यावर गुरू बसले आणि शिष्यालाही बसवले. तेवढ्यात कागद घेतलेले एक जोडपे आले. पुरुषाने ओळ वाचली, बाईने आत डोकावून भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला, आणि दोघे आवाज खाली आणून पुढे गेली. मग एक कुटुंब आले, मग तिघे मित्र. कुणीही उंबरा ओलांडला नाही. दुकानातला माणूस प्रत्येक वेळी उठून उभा राही आणि पुन्हा बसे. शिष्याने नजर दुसरीकडे वळवली.

"चल, जेवू," गुरू म्हणाले.

तो माणूस म्हणजे कोंडाजींचा मुलगा सुदाम, चाळिशी ओलांडलेला, खांद्यात वाकलेला. दाराजवळ फोटोखाली कोंडाजींची खुर्ची रिकामीच ठेवलेली होती. मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये लाकडी फळ्यांचा आडोसा. "या, बसा गुरुजी," सुदाम म्हणाला. "बरं झालं आलात. पाडव्यापासनं बंदच करतोय. गाळा दुसऱ्याला देऊन टाकला."

ताटे आली. शिष्याने पहिल्याच घासात ओळखले. सारणात मसाला दुप्पट, रस्सा तिखटाने जळणारा, आणि वडीला मधोमध चीर गेलेली. त्याने ताट हळूच बाजूला सारले. गुरूंनी मात्र ताट संपवले, भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले. तेही संपवले. दिवसभर अन्नाला न शिवलेल्या म्हाताऱ्याने नगरातले सगळ्यांत वाईट जेवण दोनदा जेवावे, हे शिष्याला काही केल्या उमगेना.

बाहेर ओट्यावर येताच तो म्हणाला, "चव बिघडली आहे की नाही, गुरुजी?"

"बिघडली आहे."

"मग मी खोटं काय लिहिलं?"

गुरू म्हणाले, "बाळा, तू लिहिलंस तेव्हा ते खोटं होतं. आज ते खरं झालं आहे. कोंडाजीला शेवटची नऊ वर्षं कंपवात होता. त्याला पाण्याचा तांब्या धरवत नव्हता, वडी कुठली वळवणार? तो खुर्चीत बसून 'कशी झालीय?' एवढंच विचारायचा. फळीमागे सुदाम वळत होता. तू 'या हाताला जोड नाही' म्हणालास, तो हात सुदामचाच होता. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून कोंडाजीने मला गप्प राहायची शपथ घातली होती. ती मी पाळली, आणि आता पस्तावतो आहे. कोंडाजी गेल्यावर तू आलास. घास घेण्याआधी तू त्या फोटोकडे पाहिलंस की नाही?"

शिष्याला तो दिवस आठवला. हाराची फुले ताजी होती. वडी तोंडात घालण्याआधीच त्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटले होते, आणि त्या वाटण्यालाच तो चव समजला होता.

"तुझी ओळ सुदामनेही वाचली," गुरू पुढे म्हणाले. "तेव्हापासून तो हरवलेली चव शोधतो आहे. रोज थोडा मसाला वाढवतो, थोडं तिखट वाढवतो. जे त्याच्याच हातात होतं, ते डब्यात शोधतो. गेल्या आठवड्यात कुणीतरी मला तुझा कागद वाचून दाखवला आणि इथली हकीकत सांगितली, तेव्हा मला हे कळलं."

आपल्या जिभेची शिष्याला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली. तो उठला, तडक दुकानात गेला आणि फळीमागे उभा राहून सुदामला म्हणाला, "माझं चुकलं. मी ज्या हाताची तारीफ केली होती, तो तुमचा होता. मला आज कळलं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

सुदाम ओशाळून हसला. "लई मोठ्या मनाचे आहात, साहेब. पर बाबांची सर न्हाई यायची."

"अहो, पण नऊ वर्षं तुम्हीच करत होतात!"

"वळत मीच व्हतो. पर बाबा भायेर बसलेले असायचे ना." एवढे बोलून त्याने मसाल्याचा डबा ओढला आणि सारणात आणखी एक चमचा टाकला. तो हात धरावा असे शिष्याला फार वाटले, पण तो अधिकार त्याने गमावला होता.

तो बाहेर आला तेव्हा दोन माणसे कागद वाचत उभी होती. "आत जा," शिष्य कळवळून म्हणाला, "ती ओळ चुकीची आहे."

"अहो, छापलंय की इथं," त्यांच्यातला एक म्हणाला. "तुम्ही कोण सांगणारे?"

माणसे सहाव्याकडे वळली.

"आता मी काय करू?" त्याने गुरूंना विचारले.

"बोलून तू जे बिघडवलंस, ते बोलून दुरुस्त होणार नाही," गुरू म्हणाले. "तुझ्या शब्दावर आता त्याचा विश्वास बसायचा नाही. पुसलेल्या ताटावर बसला तर बसेल. म्हणून मी दोनदा जेवलो."

पाडव्याला सतरा दिवस होते. शिष्य रोज भर दुपारी गेला. जळणारा रस्सा आणि फुटलेली वडी तो निमूटपणे खाई, ताट पुसून घेई, दुसऱ्यांदा वाढून घेई आणि उठे. चांगले नाही, वाईट नाही, एकही शब्द नाही. पहिले काही दिवस त्याला रात्री पोटात आग पडे. सुदाम आधी नुसता पाहत राही, मग रिकामे ताट उचलताना क्षणभर थांबू लागला. दहाव्या दिवशी रश्शाचे तिखट जरा उतरले. तेराव्या दिवशी वडीला चीर नव्हती.

शेवटच्या दिवशी शिष्याने घास तोंडात घातला आणि त्याचा हात ताटातच थांबला. तीळ खमंग, खोबरे आपल्या जागी, मसाला तोंडात हलकेच उमलणारा. पहिल्या छपाईतली ओळ त्याने ज्या वडीवर लिहिली होती, तीच ही वडी. दोन वर्षे ती याच चार भिंतींत होती, आणि त्याच्या एका ओळीने तिला बाहेर येऊ दिले नव्हते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले.

फळीमागून आवाज आला, "कशी झालीय?" सुदामने हा प्रश्न आजवर कुणालाच विचारला नव्हता.

शिष्याने ताट पुसून स्वच्छ केले. "भाकरी आणखी एक वाढा," तो म्हणाला.

सुदाम भाकरी घेऊन बाहेर आला. त्याने ताट पाहिले, शिष्याचा चेहरा पाहिला. मग एक वडी उचलून स्वतःच्या तोंडात घातली आणि चावत चावत मागे सरून बापाच्या खुर्चीत बसला. बाप गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसले नव्हते.

बाहेर नव्या मालकाचा माणूस किल्ल्यांसाठी येऊन थांबला होता.