कोंडिबाचा दाखला

एका गावात एक भोळा कोंडिबा राहायचा. सांगितलं तेवढंच करायचा, पण अगदी मनापासून.

त्याची आई चंद्राबाई एका पायाने अधू. सोमवारचं व्रत धरलेलं आणि महादेवाचं देऊळ ओढ्यापलीकडे. दर सोमवारी कुणाकुणाला विनवायचं? कचेरीत तीनचाकी सायकल मिळत होती, पण डॉक्टरांचा दाखला हवा. आईने फुलवातींच्या डब्यातले पैसे काढून दिले. "जा बाळा, महादेव पाठीशी आहे."

डॉक्टर म्हणाले, "तुझ्या आईचा पाय मी शिबिरात तपासलाय. पण आधी फी, मग कागद. इथला नियमच आहे."

कोंडिबाने फी भरली. नियमही पाठ केला.

"आता आईचं आधार कार्ड दे."

कोंडिबाने कार्ड छातीशी धरलं. "आधी फी, मग कागद."

"अरे, मलाच फी मागतोस?"

"नियमच आहे."

डॉक्टरांनी त्याला दार दाखवलं. घरी आईने कपाळाला हात लावला. "माझ्या राजा, डॉक्टरांपुढे तोंडातून शब्द काढायचा नाही. मागतील ते निमूट द्यायचं."

दुसऱ्या दिवशी थोरले डॉक्टर परगावी. खुर्चीत त्यांचे चिरंजीव.

"काय होतंय?"

कोंडिबा गप्प.

"नाव काय तुझं?"

गप्प.

"बरं, तुझं कार्ड दे."

कोंडिबाने झटकन स्वतःचं कार्ड दिलं. डॉक्टरांनी 'आ' करायला लावलं, घशात बॅटरी मारली. कोंडिबाने हूं की चूं केलं नाही. धाकट्या डॉक्टरांना बिचाऱ्याची दया आली. दाखल्याची फी कालच भरलेली होती. त्यांनी दाखला लिहिला: कोंडिबा जन्मतः मुका.

आईने पोथीचा चष्मा लावून तो वाचला. "अरे देवा! भरल्या फीचा कागद वाया घालवलास की रे!"

कोंडिबाला फार वाईट वाटलं. फी भरलेला कागद वाया कसा जाऊ द्यायचा? तेव्हापासून तो मुकाच राहिला. भूक लागली की पोटावर थाप, तहान लागली की अंगठा तोंडाकडे.

शेवटी आईच शेजाऱ्याच्या रिक्षातून त्याला घेऊन दवाखान्यात गेली. थोरले डॉक्टर परतले होते. सगळं ऐकून हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आईचा दाखला तिथल्या तिथे लिहिला.

"चंद्रामावशी, आता फी नको. येत्या सोमवारी स्वतःच्या गाडीने देवळात जा. आणि कोंडिबा, तो तुझा मुकेपणाचा कागद दे इकडे, फाडून टाकतो."

कोंडिबाने कागद छातीशी घट्ट धरला. आणि जन्मतः मुक्या कोंडिबाने तोंड उघडलं:

"आधी फी!"