सोनेरी काठाचं कॅलेंडर

नदीकाठच्या एका गावात पूजेचं सामान आणि किराणा विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे हळद-कुंकू मिळे, कापूर मिळे, उपासाचा साबुदाणा मिळे. पण त्याचं नाव होतं ते त्याच्या कॅलेंडरामुळे. दर मार्गशीर्षात तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात नव्या वर्षाचं कॅलेंडर ठेवी. घरोघरी चुलीजवळच्या भिंतीवर त्यासाठी एक खिळा राखलेला असे. एकादशी कधी, संकष्टीचा चंद्र किती वाजता, हे बायका त्यात बघत आणि मगच साबुदाणा भिजत घालत.

हे कॅलेंडर गावातलाच एक म्हातारा छापखानेवाला छापी. सगळे त्याला अण्णा म्हणत. अण्णांचा एक नेम होता. पहिला कच्चा कागद निघाला की ते दुकानदाराला आणि देवळातल्या गुरुजींना बोलावून समोर बसवत. गुरुजी पंचांगातून एकेक तिथी वाचत, दुकानदार कागदावर त्या त्या चौकोनावर बोट ठेवी आणि चूक सापडली की अण्णा तांबड्या पेन्सिलीने खूण करत. बारा महिने वाचून होईपर्यंत अख्खी दुपार जाई.

दुकानदाराला जांभया येत. तो म्हणे, "अण्णा, तुम्ही छापता की परीक्षा घेता?"

"परीक्षा माझीच असते, शेठ. तुम्ही फक्त पेपर तपासायचा."

एका वर्षी शहरातल्या मोठ्या छापखान्याचा माणूस नमुने घेऊन दुकानात आला. गुळगुळीत जाड कागद, चारी बाजूंनी सोनेरी काठ, वर गणपतीबाप्पाचं असं चित्र की बघणाऱ्याचे हात आपोआप जोडले जावेत. भाव अण्णांपेक्षा कमी, आणि माल आठ दिवसांत दारात.

"तिथ्या कोण बघतं?" दुकानदाराने विचारलं.

"आमची माणसं बघतात की. रोजचंच काम आहे त्यांचं."

कोणती माणसं, कोणत्या पंचांगावरून, हे विचारायचं राहूनच गेलं. बोट सोनेरी काठावरून फिरत होतं ना.

दोन दिवसांनी वाटेत अण्णा भेटले. "गुरुजींचं पंचांग आलं का हो? मी कागद आणून ठेवलाय."

"यंदा दुसरीकडे दिलंय, अण्णा."

अण्णा म्हणाले, "बरं. पण कच्चा कागद मागून घ्या. आणि एकट्याने वाचू नका. घाईत आपल्याला पाहिजे तेवढंच दिसतं."

शहरातल्या छापखान्याने कच्चा कागद पाठवला, नाही असं नाही. पण तो आला मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी. दुकानात नारळाला आणि फुलांना झुंबड उडालेली, आणि कागद घेऊन आलेला गाडीवान परतायची घाई करत दारात उभा. दुकानदाराने चित्र पाहिलं. काठ पाहिला. खाली ठळक अक्षरांत स्वतःचं नाव होतं, ते दोनदा वाचलं. आणि सही केली.

आतून बायकोने विचारलं, "अहो, तिथ्या बघितल्या का?"

"शहरातली माणसं आहेत. त्यांना काय चंद्र वेगळा उगवतो?"

कॅलेंडरं आली आणि गाव हरखून गेलं. पाहुणेसुद्धा विचारत, कुठून आणलं म्हणून. दुकानदार महिनाभर जमिनीवरून चार बोटं वर चालत होता.

मग माघ महिना आला. गुरुजी भाचीच्या लग्नाला परगावी गेले होते. कॅलेंडरात संकष्टी बुधवारी होती, म्हणून गावातल्या बायकांनी बुधवारी उपास धरला. छापलेली वेळ झाली, मोदकांचं ताट झाकून ठेवलं, पण चंद्र काही दिसेना. आभाळ तर धुतल्यासारखं स्वच्छ. पाऊण तास वाट पाहिली तेव्हा कुठे तो वर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका दुकानात जमल्या. एक म्हणाली, "शेठ, काल चंद्राला कुणी अडवून धरलं होतं, की तुमच्या कॅलेंडरालाच घाई झाली होती?"

"थंडीचे दिवस, वहिनी. त्यालाही पांघरूण सोडवत नसेल," दुकानदार म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

दुपारी गुरुजी गावी परतले आणि पिशवी खांद्यावर असतानाच दुकानात आले. हातात पंचांग होतं. ते हसत नव्हते.

"शेठ, संकष्टी मंगळवारी होती. अंगारकी होती ती. सबंध गावाची हुकली."

दोघांनी बसून उरलेले महिने वाचले. आणखी तीन संकष्ट्या एकेक दिवस पुढे सरकलेल्या निघाल्या. आतल्या दाराशी बायको उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मंगळवारी मी वांग्याचं भरीत केलं होतं. आपण सगळ्यांनी खाल्लं." आणि आत गेली. तिने रागावून चार शब्द ऐकवले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने शहरात निरोप धाडला. चार दिवसांनी उत्तर म्हणून तिकडून तो कच्चा कागद परत आला. चुकलेल्या सगळ्या तारखा त्यात जशाच्या तशा होत्या, आणि खाली त्याची सही.

त्याच संध्याकाळी गावातली कुंभारीण आली. तिने एकवीस संकष्ट्यांचं व्रत धरलं होतं आणि ही एकोणिसावी होती. ती भांडली नाही. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "पुनवेपासून बोटांवर मोजलं, तेव्हाच मला शंका आली होती. मंगळवारी चौथ येत होती. पण म्हटलं, छापलेलं खोटं कसं असेल? भट्टीशेजारी बसून कांदा-भाकरी खाल्ली मी, शेठ."

"व्रत कशासाठी धरलं होतं, ताई?"

"ते विचारू नका. उद्यापनाआधी सांगायचं नसतं."

ती उठून गेली. आपण नक्की काय मोडलं, हे दुकानदाराला कळलं नाही, आणि कधी कळणारही नव्हतं. ते कळलं असतं तर त्याने काही भरपाई तरी केली असती. आता नुसतं मनात बाळगायचं.

दुसऱ्या दिवशी तो अण्णांच्या छापखान्यात गेला आणि दारातच उभा राहिला. अण्णांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. उभ्याने चुका सापडत नाहीत."

"अण्णा, शहरात स्वस्त पडलं म्हणून गेलो."

"स्वस्तात मिळालं तर घ्यावं की, त्यात पाप नाही. पण माझ्या भावात ती दुपारही धरलेली होती, शेठ. तिकडे ती धरलेली आहे का, एवढं तरी विचारायचं होतंत."

गुरुजींना बोलावलं. तिघांनी बसून तिथ्या वाचल्या, परत उलट्या वाचल्या, आणि अण्णांनी दुरुस्तीच्या छोट्या चिठ्ठ्या छापल्या. खळीची वाटी घेऊन दुकानदार स्वतः घरोघर हिंडला. प्रत्येक स्वयंपाकघरात "माझी चूक झाली" म्हणत त्याने सोनेरी काठाच्या आत चिठ्ठ्या डकवल्या. काही घरांत खिळ्यावर दुसरंच कॅलेंडर आलेलं होतं. तिथे तो नमस्कार करून निघे.

कुंभारणीने चिठ्ठी वाचून घेतली. "गुरुजींनी बघितलीय?"

"बघितलीय, ताई."

"तरी मी त्यांना विचारूनच उपास धरीन. राग मानू नका."

"विचारा. विचारायलाच पाहिजे," दुकानदार म्हणाला. पूर्वी या घरात त्याचं कॅलेंडर होतं म्हणजे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नव्हतं. खळीची वाटी उचलून तो पुढच्या घराकडे वळला.

पुढच्या महिन्यात एका सकाळी कुंभारीण दुकानात आली.

"एक नारळ द्या शेठ. आज पुन्हा पहिली संकष्टी."

दुकानदाराने एक नारळ उचलला, कानाशी हलवून पाहिला, बाजूला ठेवला. दुसराही ठेवला. तिसऱ्यात पाणी नीट वाजलं. त्याने तो चहूबाजूंनी फिरवून डोळे आणि शेंडी पाहिली, आणि मगच दोन्ही हातांनी तिच्या ओटीत घातला.

तात्पर्य: काम कुणालाही द्यावं, पण चुका कोण आणि कशावरून तपासणार हे आधी विचारावं, आणि शब्दन्‌शब्द वाचल्याशिवाय सही करू नये. कागद पुन्हा छापता येतो. त्यावर विसंबलेल्या माणसाचा हुकलेला दिवस पुन्हा छापता येत नाही.