विसू गावकराचा खांब

पाव्हणे, नदीत तो एकटा दगडी खांब बघितलात ना? त्याच्यावर पूल नाही आणि तो पडतही नाही. पलीकडच्या गावांना डांबरी रस्ता आला, वीज आली, नळ आले. सगळं त्या काठाशी येऊन थांबलं. अलीकडे आम्ही, आणि मागे हा बोडका डोंगर. तुमच्यासारखे लोक तेवढे येतात, खांबाचे फोटो काढायला.

या डोंगरावर पूर्वी देवीची राई होती म्हणे. इतकी दाट, की भर दुपारी आत अंधार असे. तिथली वाळकी काठीसुद्धा देवीला कौल लावल्याशिवाय कोणी उचलत नसे. गुरव मूर्तीवर पाकळ्या चिकटवायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

तेव्हा गावचा कारभार विसू गावकराकडे होता. त्याची एकुलती एक लेक यसू पलीकडे दिलेली. श्रावणात तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं होतं, आणि श्रावणात आमची नदी कोणाला उतार देत नाही. म्हणून त्याआधी पूल बांधायचं गावकरानं मनावर घेतलं. फळ्यांना लाकूड हवं, चुना भाजायला लाकूड हवं, आणि ते राईतच होतं.

कौल लावला. डावी पडली.

"परत लाव," गावकर म्हणाला.

गुरवानं पाकळ्यांचं तबक मागे ओढलं. "देवीन नको सांगल्यान, गावकरानू. परत इचारू नये."

पुन्हा लावला, पुन्हा डावी. गावकर देवीसमोर हटून बसला. लेकीसाठी जीव तुटत होता, त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. शेवटी उजवी पडली. जमिनीला टेकेपर्यंत ती काळी झाली होती, असं सांगतात.

राई तुटली. खांब उभा राहिला, फळ्या पडल्या. श्रावणात यसू पलीकडच्या काठावर आली आणि पाय टाकायला बिचकली. बाप इकडून ओरडला, "ये गो बाय, ये! मी आसंय हय."

ती निघाली. खांबापाशी पोचली, तेव्हा बापाच्या मागे डोंगर गुरगुरला. धरून ठेवायला मुळं नव्हती. माती खालच्या वाडीला घेऊन नदीत उतरली, पाणी उसळून फळ्यांवरून गेलं. खांब तेवढा राहिला. यसू सापडलीच नाही.

आता पावसाळ्यात होडीनं नदी ओलांडतात, पण येणाऱ्याला आमच्याकडून आजही कोणी 'ये' म्हणत नाही. वाट बघणारी माणसं पाण्याकडे पाठ करून उभी राहतात. पुलाचे साहेब येऊन जातात, झाडं लावू म्हणणारेही येतात. त्या डोंगरावर नि या काठावर काही करायचं तर आधी कौल हवा, आणि पाकळी लावायला कोणाचा हात उठत नाही. डावी पडली तर आहे तसे दिवस काढू. उजवी पडली तर काय करायचं?

माझी नात पलीकडेच दिलीय. पहिलटकरीण आहे, श्रावणात यायची आहे. मी तिच्याकडे पाठ करून उभा राहणार.