माणसांना न भिणारं पिल्लू

सुरंगी होती नऊ वर्षांची, पण संशय घ्यायची नव्वद वर्षांच्या माणसासारखा. दोन इवल्या वेण्या, टपोरे काळे डोळे, आणि कोणी लाडू पुढे केला तरी आधी ते डोळे बारीक व्हायचे. त्यात तिचा दोष नव्हता. तिचे बाबा कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत कोकणातून निघाले होते. गावोगावी गोड बोलून फसवणारे पुष्कळ भेटले, आणि सुरंगी ते सगळं बघत मोठी झाली.

एकदा हे बापलेक जहाजात बसून थेट समुद्रापलीकडे, निळ्या तळ्यांच्या देशात पोचले. पोचले खरे, पण वाटेत जहाजाच्या तळाशी पाणी शिरलं आणि बाहुल्यांची पेटी भिजली. राजाच्या गालावरचा गुलाबी रंग राणीच्या पदरावर उतरला, हत्ती फुगून तडकला, छोट्याशा राजकन्येला तर नाकडोळेच उरले नाहीत. खेळ बंद म्हणजे चूल बंद. परतीचं जहाज महिन्याने येणार होतं, आणि तोवर परक्या मुलखात खायचं काय, राहायचं कुठे, हे बाबांनाही सुचेना.

बंदराच्या पायरीवर बसून सुरंगी तडकलेल्या हत्तीला सोंड हलवायला लावत होती. तेवढ्यात पांढऱ्या केसांची एक उंच बाई समोर येऊन थांबली. तिचं नाव मार्ताबाई. तळ्याकाठी तिचं क्रौंच पक्ष्यांचं अभयारण्य होतं, आणि आईबाप नसलेल्या पिल्लांना ती तिथे वाढवायची. सुरंगीची बोटं बघून तिने खुणेनेच विचारलं, माझ्याकडे कामाला येशील का? बाबा सुरंगीच्या कानाशी वाकले.

"सुरंगे, आधी इचार. बदल्यात तेंका काय व्हया?"

बाईंना फक्त दोन हात हवे होते. राहायला खोपी आणि दोन वेळचं गरम जेवण त्या आपणहून देत होत्या. सुरंगीने खोपीचे कोपरे तपासले, जेवणाचा वास घेऊन पाहिला, आणि मग हो म्हटलं.

काम मोठं मजेचं होतं. अंगात पायघोळ पांढरा झगा घालायचा, तोंडावर जाळी ओढायची आणि उजव्या हातात क्रौंचाचं लाकडी डोकं चढवायचं. त्या लाकडी चोचीने दाणे आणि किडे उचलून पिल्लांना भरवायचे. एकच नियम होता, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. माणूस कसा दिसतो, कसा बोलतो, हे पिल्लांना कळताच कामा नये. कारण ज्याला माणसाचा लळा लागतो तो पक्षी शिकाऱ्यापाशीही तुरुतुरु चालत जातो. त्यामुळे तिथे सगळेच खुणांनी बोलत, आणि परकी भाषा येत नाही म्हणून सुरंगीचं काही अडलं नाही.

पिल्लांत एक सगळ्यात धाकटं होतं. दालचिनीच्या रंगाचं, मऊ मऊ, मोत्याएवढ्या डोळ्यांचं. ते कोणाच्याच हातून खाईना. सुरंगीने चोच पुढे केली, मागे केली, डोलवून दाखवली, तरी ते आपलं मान फिरवून उभं. आणि मग व्हायचं तेच झालं. बाहुल्यांच्या घरात हातात बाहुली आली की तोंड आपोआप चालू होतं, कारण मुकी बाहुली बघायला कोण थांबतंय? "खा रे माझ्या सोन्या," सुरंगी पुटपुटली. पिल्लाने चमकून वर पाहिलं आणि दाणा मटकावला. मग ती रोजच हळूच बोलायला लागली आणि पिल्लू रोज पोटभर जेवायला लागलं.

एका दुपारी ती झगा न घालता बाबांशी गप्पा मारत कुंपणाजवळून चालली होती. तिचा आवाज ऐकताच पिल्लू धावत आलं, कुंपणातून मान काढून तिच्या वेणीशी खेळू लागलं. एवढंच नाही, तर ज्यांना कधी पाहिलं नव्हतं त्या बाबांच्या हातावरही त्याने खुशाल चोच टेकली.

मार्ताबाईंनी ते लांबून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. पिल्लू परक्या बाबांपाशीही गेलं, म्हणजे कोणीतरी बोललंय हे त्यांनी ओळखलं, पण कोण ते कळेना, म्हणून त्या एकेका मदतनिसाकडे रोखून बघू लागल्या. सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. सुरंगी पुढे झाली. तिने बोट ओठांवर ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवलं, म्हणजे बोलले ती मीच.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला मागच्या पिंजऱ्यापाशी नेलं. आत एक म्हातारा क्रौंच होता. दोघींना बघून तो लगबगीने जाळीशी आला आणि मान घासू लागला. तो कोणापाशीही असाच येई, म्हणून त्याला कधी सोडताच आलं नव्हतं. आठ दिवसांनी सगळी पिल्लं रानातल्या थव्याबरोबर दक्षिणेला जाणार होती. सुरंगीचं पिल्लू मात्र जन्मभर या पिंजऱ्यात राहणार होतं.

सुरंगी जांभळ्या फुलांच्या झुडपात जाऊन रडत बसली. तिला स्वतःचाच राग आला होता. तेवढ्यात एका फुलातून चंदेरी धूळ उडाली आणि अंगठ्याएवढी एक परी बाहेर आली. पंख दवाच्या रंगाचे, पायांत सोनसळी पैंजण.

"रडा नको गो. एक इच्छा माग, मी पुरी करतंय."

या मुलखात मालवणी बोलणारी परी? सुरंगीचे डोळे बारीक झाले. तिने आधी परीच्या डोक्यावरून हात फिरवून दोऱ्या आहेत का ते चाचपलं. दोऱ्या नव्हत्या. मग तिने नियम विचारले. परी गालात हसली. इच्छा एकच, ती मोठ्याने सांगायची, आणि मागशील तेवढं पुरेपूर मिळेल, तसूभर कमी नाही, मागे घेता येणार नाही. वर परीने सुचवलंही, की भिजलेल्या बाहुल्या एका फुंकरीत झळकतील, किंवा पिल्लू कायमचं तुझं होईल.

सुरंगीला बाबांचे रिकामे हात आठवले. मग जाळीला मान घासणारा म्हातारा क्रौंच आठवला. तिने डोळे पुसले.

"माझ्या पिल्लाक माणसांचो संशय येऊंदे. सगळ्या माणसांचो."

"सगळ्या म्हणजे तुझोव," परी मऊ आवाजात म्हणाली. "मगे तू कितीव हाक मारलंस तरी ता येवचा नाय."

पिल्लू ज्या वेणीशी खेळलं होतं, ती सुरंगीने मुठीत धरली. तिला ते नको होतं. फार नको होतं.

"माझोव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने कुंपणापाशी हाक मारली. पिल्लू दचकलं, पंख फुलवून फिस्कारलं आणि पार पलीकडच्या गवतात पळालं. सुरंगी रडतही होती आणि मार्ताबाईंना हाताने दाखवतही होती, की बघा, पळालं. बाईंनी तिला पोटाशी घेतलं. मग त्या बाबांकडे गेल्या आणि त्यांनी खुणेने विचारलं, पुढच्या वर्षीच्या पिल्लांसाठी क्रौंचांची लाकडी डोकी कोरून द्याल का? बाबांनी त्याच दुपारी पटाशी हातात घेतली.

आठव्या दिवशी कुंपण उघडलं. तळ्यावरून थवा उठला आणि दालचिनीच्या रंगाचं ते धाकटंही धडपडत, पंख मारत त्याच्यामागे उठलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. परी सुरंगीच्या खांद्यावर बसली होती.

"तू मागलंस ता दुसऱ्यासाठी. आता तुझ्यासाठी मी देतंय. थंडीत ह्यो थवो तुमच्या खाडीर उतरतलो."

बदल्यात काय हवं, हे सुरंगीने लगेच विचारलं.

"लांबसून बघ," परी म्हणाली. "इतक्याच."

मग तिचे पंख उजळले, सगळं तळं सोन्याचं झालं, आणि सुरंगीने डोळे उघडले तेव्हा खांद्यावर नुसतं कोवळं ऊन होतं.

परतीच्या जहाजाने बापलेक घरी आले, आणि पौषात सुरंगीच्या गावच्या खाडीवर उंच पायांचे पाहुणे उतरले. त्यांतलं आपलं कोणतं, हे तिला काही ओळखता येईना. गावातली पोरं कुरमुऱ्यांच्या मुठी भरून, लाडीगोडीने हाका मारत त्यांच्याकडे धावली. त्याबरोबर सगळा थवा फडफडत उठला. कोणी एक तरी मोहाने मागे थांबतंय का, ते सुरंगी बांधावरून श्वास रोखून बघत होती. कोणी थांबलं नाही.